'इश्यू'ला तक्रार म्हणावं का?

टॉवेलवाला: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट. दोषांच्या नोंदी वहीतून संगणकावर न्यायच्यात. कामं नोंदवायचं जिरा हे सॉफ्टवेअर घ्यावं की ट्रेलो हे, यावर मालकांसाठी मराठीत टिपण लिहितोय. 'टास्क'ला काम म्हटलं. 'इश्यू'ला 'तक्रार' लिहिलं, तर जॉबर (मागांवरचा मुकादम) म्हणाला, "मागाच्या फणीचा दात वाकलाय, त्याची तक्रार कुणावर करू?" नोंद केलीच नाही. दुसरा शब्द सुचवा.

निवृत्त मास्तर: अडचण. सरळ मराठी.

टेस्टरबाई: अडचण सांगून माणूस मोकळा होतो. इश्यू कुणी नोंदवला, कुणाकडे आहे, दुरुस्तीनंतर कुणी तपासला, हे बघावं लागतं. ट्रेलोतल्या नोंदीच्या कार्डालाही माणूस जोडता येतो, पण 'झालं'च्या रकान्यात कुणीही सरकवतं. शिवाय एका वाकड्या दाताने तीच उभी रेघ टॉवेलमागून टॉवेलात येणार आणि प्रत्येक पाळीवाला नवं कार्ड लावणार. जिरात डुप्लिकेट म्हणून मूळ नोंदीला जोडता येतं.

शब्दवेडा: अरबीत 'तक्रार' म्हणजे पुनरावृत्तीच! तुमच्या रेघेला चपखल.

निवृत्त मास्तर: अरबी कशाला? 'दोष' लिहा.

टेस्टरबाई: गिऱ्हाइकाला नवी किनार हवी, हाही इश्यूच. तो दोष कसा?

टॉवेलवाला: 'मुद्दा' चालेल?

शब्दवेडा: तोही अरबीच. आणि जिरा म्हणजे गॉडझिलाच्या जपानी 'गोजिरा'चं शेपूट. जिरा बनवणारे आधी बगझिला हे दोष नोंदवायचं सॉफ्टवेअर वापरायचे, त्यावरची थट्टा. आपल्याकडे मात्र जिरवतात ती दुसऱ्याची.

पूर्वभागातला: काय चर्चा करलालाव! आमच्या घरी चादरीचे माग होते. रेघ असो, धागा तुटो, वडील 'डाग' म्हणायचे आणि खडूने गोल करायचे. रफू बघितल्याशिवाय खडू पुसायचा नाही. मी एकदा आधीच पुसला, रात्रभर बोलणी खाल्ली.

निवृत्त मास्तर: डाग म्हणजे डाग. रेघेला डाग म्हणणं चूक.

पूर्वभागातला: मग दोन पिढ्या चुकल्या म्हणायच्या.

टेस्टरबाई: 'क्लोज'ला काय लिहिलंत?

निवृत्त मास्तर: निकाली काढली.

टेस्टरबाई: नको! नळाची तक्रार तीनदा केली, तिन्हीदा 'निकाली काढली' असा मेसेज. नळ कोरडाच.

शब्दवेडा: 'मिटवली'?

पूर्वभागातला: मिटवतात ते चहा पाजून.

टॉवेलवाला: सोमवारी टिपण द्यायचंय हो. जिरा की ट्रेलो?

शब्दवेडा: पांढऱ्या चादरीवर खडू दिसायचा?

पूर्वभागातला: तिथे गेरू.