जामीनपात्र गुन्ह्यात पोलीस ठाण्यातूनच सुटका

बेदरकार गाडी चालवल्याबद्दल (भारतीय न्याय संहिता, कलम २८१) अटक झालेल्याला 'उद्या कोर्टातच जामीन मिळेल' असं सांगितलं गेलं, त्याबद्दल. हा गुन्हा जामीनपात्र आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, जामीन वगैरेंची पद्धत ठरवणारा कायदा) कलम ४७८ प्रमाणे जामीन हा इथे हक्क आहे आणि तो ठाण्याचा अंमलदारही देऊ शकतो. त्यासाठी वकीलपत्र किंवा कोर्टाची तारीख लागत नाही. आधी एफआयआरची प्रत घ्या आणि कलमं नीट वाचा. त्यात एखादं अजामीनपात्र कलम असेल तर मात्र बहुधा कोर्टातच जावं लागेल.

जामीनदाराने आधार, रेशनकार्ड, दोन फोटो आणि ऐपतीचा पुरावा न्यावा: पगाराची स्लिप, घरपट्टीची पावती किंवा ताजा सातबारा. बहुतेक वेळा घोडं इथेच अडतं. आधारवर एक पत्ता, रेशनकार्डावर दुसरा, किंवा सातबारा अजून आजोबांच्याच नावावर! मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही न्या.

जामीनदारच मिळत नसेल तर? गरीब माणसाला जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्याच लेखी हमीवर) सोडावं, असं हेच कलम ४७८ सांगतं. अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर तो गरीब आहे असंच धरायचं असतं. हे ठामपणे सांगा, कारण माहीत नसल्यामुळे माणसं क्षुल्लक गुन्ह्यात उगाच आत राहतात.

कोर्टात जामिनाची रक्कम रोख भरली तर मूळ पावती जिवापाड जपा, खटला संपल्यावर परताव्याच्या अर्जाला ती लागते. आणि तारीख चुकवू नका. गैरहजेरीत वॉरंट निघतं, बंधपत्राची (लेखी हमीची) रक्कम जप्त होऊ शकते आणि पुढच्या वेळी जामीन नाकारताही येतो.