‘ओव्हरविंटर करणे’ला मराठीत काय म्हणावं? कुंडीतलं जिरेनियम आणि टोरांटोचा हिवाळा

मी फोंड्याची. धाकटी बहीण टोरांटोला असते. तिच्या दारातल्या पायऱ्यांवर लाल जिरेनियमच्या सात कुंड्या आहेत. ऑक्टोबरात रात्रीचं दव गोठायला लागायच्या आत त्या घरात घ्याव्या लागतात, नाहीतर झाडं जातात. यंदा हे काम तिच्या सासूबाई बघणार आहेत. त्या साताऱ्याकडच्या, झाडांची हौस दांडगी, इंग्रजी मात्र वाचत नाहीत. बहिणीनं त्यांच्यासाठी मराठीत चिठ्ठी लिहायला घेतली आणि पहिल्याच ओळीत अडली: ‘ओव्हरविंटर करणे’ याला काय लिहायचं? तिनं ‘शीतनिद्रा’ लिहून मला पाठवलं. मला ते पटलं नाही, पण त्या जागी काय लिहावं तेही चटकन सुचेना.

शीतनिद्रा घेतो तो बेडूक स्वतः घेतो. त्याला कुणी निजवत नाही. जिरेनियम मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं, थंडीत झोपी जाणं त्याच्या अंगातच नाही. ऊब आणि उजेड मिळाला तर ते बारा महिने वाढतं, आणि पाणी गोठण्याइतकी थंडी पडली तर पेशींमध्ये बर्फ होऊन एका रात्रीत लिबलिबीत, काळं होतं. म्हणजे इथे कर्ता झाड नाही, माणूस आहे. इंग्रजी शब्द दोन्हीकडे चालतो: झाडही ओव्हरविंटर होतं, माणूसही झाडाला ओव्हरविंटर करतो. मराठीत ‘झाडानं हिवाळा काढला’ हे अगदी सरळ आहे. पण माणसानं काय केलं?

आपल्याकडे गोव्यात हा प्रश्न थंडीचा नाहीच. पणजीत जानेवारीची पहाटसुद्धा विसाच्या आसपास असते. आपल्याकडे झाड मारतो तो पाऊस. मी स्वतः आणलेलं जिरेनियम पागोळ्यांखाली राहिलं आणि जुलैत बुंध्याशी काळं पडून कुजलं. फार जीव लावला होता त्याला. त्यामुळे हा शब्द मला माझ्यासाठीही हवा आहे. कुणाला सुचत असेल तर इथे लिहा.

डिचोलीहून

ताई, तुम्ही ‘काढणे’ म्हणालात तिथूनच सुरुवात करू. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाबद्दल म्हणतात, ‘हा पावसाळा काढायचे नाहीत.’ छपराबद्दलही म्हणतात, ‘यंदाचा पावसाळा काढील.’ जो ऋतू जिवावर उठतो तोच ‘काढायचा’ असतो. आपला पावसाळा, त्यांचा हिवाळा. त्यामुळे झाडाच्या बाजूचा शब्द ठरला असं समजा.

माणसाच्या बाजूचा शब्द कुळागरात, म्हणजे आमच्या सुपारी-नारळाच्या बागेत, आहे: राखणे. आल्या-हळदीचं, सुरणाचं बेणं आम्ही काढणीनंतर सावलीत, कोरड्या जागी ठेवतो. ‘बेणं राखलंस का?’ असंच विचारतात. ‘ठेवलंस का’ म्हटलं तर ते नुसतं ठेवणं झालं. राखणे यात पुढच्या लागवडीचा विचार आहे, आणि अधूनमधून जाऊन कुजलंय का ते बघणंही आहे.

फोंड्याहून, मूळ प्रश्न माझाच

दादा, ‘राखणे’ फार आवडला. गावच्या राखणदाराचीच ही राखण. म्हणजे डोळा ठेवून जपणं. पण एक शंका आहे. बेण्यात आपण झाडाचा एक भाग राखतो, झाड जातं. इथे अख्खं झाड आहे.

पणजीहून

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. क्रियापद तुम्ही ठरवालच, पण आधी नामाचा घोळ निस्तरावा, कारण चिठ्ठी वाचणाऱ्या बाई साताऱ्याकडच्या आहेत. आज महाराष्ट्रात ‘जिरेनियम’ म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर तेलासाठी लावलेलं सुगंधी पानांचं पीक येतं. कुंडीतलं लाल फुलांचं ते हे नव्हे. दोन्ही भाऊबंद खरे, पण जाती वेगळ्या.

त्याहून गंमत अशी की वनस्पतिशास्त्राप्रमाणे ही दोन्ही आज जिरेनियम नाहीतच. लिनियसनं १७५३ मध्ये सगळ्यांना जिरेनियम या एकाच प्रजातीत घातलं होतं. १७८९ मध्ये लेरितिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं पेलार्गोनियम वेगळं काढलं. तोवर बागवानांच्या तोंडी जुनं नाव बसलं होतं, ते आजही तसंच आहे. आणि हा फरक नुसता पुस्तकी नाही. खऱ्या जिरेनियमच्या कितीतरी जाती टोरांटोसारख्या ठिकाणी जमिनीतच हिवाळा काढतात, त्यांना कुणी हात लावायला नको. राखावं लागतं ते पेलार्गोनियमला.

दोन्ही नावं ग्रीक आणि दोन्ही पक्ष्यांवरून आलेली. फळाला लांब चोच असते म्हणून. गेरानोस म्हणजे क्रौंच, पेलार्गोस म्हणजे बलाक. आपल्या ‘करकोचा’ या शब्दातही हे दोन पक्षी असेच एकत्र नांदतात: कांड्या करकोचा क्रौंचांच्या कुळातला, पांढरा करकोचा बलाकांच्या. लिनियसला नावं ठेवायचं आपल्याला कारण नाही.

पोर्तुगीजमध्ये कुंडीतल्या या झाडाला सार्दिन्येइरा म्हणतात. शब्दात सरळ सार्दिन्या, म्हणजे आपली तारली, दिसते.

टोरांटोहून, धाकटी बहीण

ताईनं मला इथे यायला सांगितलं. काका, आमच्या सासूबाईंना आधी तेलाचंच पीक वाटलं होतं, तुमचं बरोबर आहे. चिठ्ठीत ‘लाल फुलांच्या कुंड्या’ लिहिलं की भागेल.

पण हे एक काम नाही, तीन वेगवेगळी कामं आहेत आणि इंग्रजीत तिन्हींना एकच शब्द आहे. एक म्हणजे कुंडी तशीच आत आणून दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवायची. पानं थोडी गळतात, झाड हडकतं, पण हिरवं राहतं. दुसरं, सप्टेंबरात शेंड्याच्या बोटभर लांब फांद्या कापून नव्या मातीत रुजवायच्या आणि जुनं झाड सोडून द्यायचं. तिसरी पद्धत मला सर्वांत आवडते. झाड मुळासकट उपटायचं, माती झटकायची आणि कागदी पिशवीत घालून, नाहीतर उलटं टांगून अंधाऱ्या थंड जागी ठेवायचं. आमच्या पायऱ्यांखाली एक खोली आहे, तिथे ७ ते १० अंश असतात. महिन्यातून एकदा मुळं तास-दोन तास पाण्यात बुडवून परत टांगायचं. पानं सगळी जातात. खोड टणक राहिलं तर झाड जिवंत आहे. मार्चअखेरीला हिरवं लागेपर्यंत छाटून मातीत लावायचं आणि मे महिन्यात व्हिक्टोरिया डेच्या सुमारास हळूहळू उन्हाची सवय लावत बाहेर काढायचं.

ताई, आपल्या माजघरात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या, कांद्यांच्या माळा टांगलेल्या असायच्या ना, पहिल्या वर्षी खोलीत ही झाडं टांगली तेव्हा मला तेच आठवलं.

वास्कोहून

मी मूळचा सोलापूरकडचा, आमची डाळिंबाची बाग आहे. ताई, तुमची तिसरी पद्धत वाचताक्षणी मी म्हटलं, हा तर ताण! बहार धरायचा असला की आम्ही पाणी तोडतो. झाड पानं गाळतं. मग हलकी छाटणी, खत, आणि हळूहळू पाणी सुरू करून बहार फोडतो. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार, तिन्हींना आधी ताण आहेच. ‘बाग ताणावर सोडली’ म्हणतात. यात कर्ता माणूसच आहे, तुम्हाला हवा होता तसा. साताऱ्याच्या बाईंना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

फरक एवढाच, की आम्ही झाड उपटत नाही.

काणकोणहून

‘वर्षावास’ या धर्तीवर ‘शीतवास’ करता येईल का? भिक्खू पावसाळ्यात एका जागी राहत, तसं झाड हिवाळ्यात घरात राहतं.

फोंड्याहून

शब्द सुंदर आहे, पण तो पुन्हा झाडाच्या बाजूला जातो. वास करणारं झाड झालं. शिवाय चिठ्ठीत घातला तर खाली त्याचा अर्थ लिहावा लागेल.

रात्री विचार करताना आणखी एक क्रियापद आठवलं आणि ते आधी कसं सुचलं नाही याचं नवल वाटलं: तगवणे. तग धरणे, तगणे, तगवणे. टंचाईत टँकरनं पाणी घालून बागा तगवल्या, असं आपण म्हणतोच. ‘जगवणे’ जवळचा आहे, पण जगवण्यात वाढीची आशा आहे. तगवण्यात फक्त हा काळ पार पडू दे, एवढंच मागणं आहे. खिडकीतल्या हडकलेल्या झाडाला हेच लागू पडतं.

तेव्हा मी असं लावते. खिडकीतलं झाड तगवायचं. शेंड्यांचं बेणं करायचं. ऊस, गवत यांच्या कांड्यांना आपण बेणं म्हणतोच, त्यामुळे फांदीला चालावं. उपटून टांगलेलं झाड ताणावर राखायचं, दोन्ही शब्द एकत्र, कारण नुसत्या ताणात महिन्याचं ते बुडवणं येत नाही. आणि माझ्या पुढच्या जिरेनियमचा मी पावसाळा तगवीन... नाही, हे चुकलं. पावसाळा तगवत नाहीत. पावसाळ्यात झाड तगवतात.

डिचोलीहून

पटलं. आपल्याकडे तगवायचं तर कुंडी पडवीत, पागोळ्यांपासून आत घ्या, आणि जून ते सप्टेंबर माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी देऊ नका.

पणजीहून

चिठ्ठीत दव गोठण्याला काय लिहिलं आहे? ‘हिम पडायच्या आत’ लिहिलंत तर त्या बर्फाची वाट बघतील, आणि झाडं त्याच्या कितीतरी आधी जातील.

टोरांटोहून

काका, ‘महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं तसं गोठायच्या आत’ असं लिहिलं. साताऱ्याच्या माणसाला याहून वेगळं काय सांगायचं!

काल चिठ्ठी दिली. अशी होती: ‘लाल फुलांची झाडं दव गोठायच्या आत उपटून, माती झटकून, पायऱ्यांखालच्या खोलीत ताणावर राखायची.’ सासूबाईंनी वाचली आणि एकच विचारलं, ‘ताण किती दिवसांचा?’ मी म्हटलं, मार्चअखेरीपर्यंत. त्या बोटांवर महिने मोजत बसल्या. एवढा लांब ताण त्यांनी कुठल्या झाडाला दिलेला नाही, म्हणाल्या. म्हणून यंदा पाच झाडं टांगायची आणि दोन त्यांच्या खोलीच्या खिडकीत तगवायची, असं ठरलं आहे.