कोल्हापुरात टर्बो हॅचबॅक ठेवावी का? माझं मत: ठेवावी, आणि नीट ठेवावी

रंकाळा_कट्टा
परवा जेवताना चुलत्यांनी, म्हणजे आमच्या आण्णांनी, विषय काढला. “याच पैशात चार माणसं ऐसपैस बसतील अशी गाडी आली असती, ही काय घेऊन बसलास?” आण्णांसमोर गप्प राहिलो, पण मला यावर मनापासून बोलायचं आहे.

माझी गाडी २०१८ ची पोलो जीटी टीएसआय. २०२१ मध्ये वापरलेली घेतली, पुढच्याच वर्षी भारतात पोलो बंद झाली. १.२ लिटरचं टर्बो इंजिन (धुराच्या जोरावर फिरणारा पंखा आत जादा हवा कोंबतो), १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. युरोपात हिला कुणी हॉट हॅच, म्हणजे जोरदार इंजिनाची छोटी गाडी, म्हणणार नाही. आपल्याकडं चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी कमी करात बसते, म्हणून कंपन्यांनी छोट्या इंजिनाला टर्बो लावूनच जोर आणला. पण हा टॉर्क १५०० आरपीएमपासून, म्हणजे इंजिन सावकाश फिरत असतानाच, हाताशी असतो आणि घाटात किंमत त्याचीच आहे.

वैभववाडीकडून करूळ घाट चढताना वळणातून बाहेर पडल्यावर गाडी रडत नाही, हलक्या पायानं उचलते. २०२४ मध्ये करूळ काँक्रिटीकरणासाठी बंद होता तेव्हा भुईबावडा घाटानं जायचो. त्या अरुंद रस्त्यावर समोरून टेम्पो आला की आखूड गाडीचं महत्त्व कळतं. कळे गावाच्या पुढं उसाची ट्रॉली ओलांडायची तर विरुद्ध बाजूला मी कमीत कमी वेळ असतो. माझ्या मते ही सुरक्षिततेची गोष्ट आहे.

कागल_पट्टा
शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध. मी स्वतः ऊस घालतो. गळीत हंगामात रात्री निम्म्या ट्रॉल्यांना मागं लाल दिवा नसतो, दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. ट्रॅक्टरवाल्याला मागचं काही दिसत नाही, ऐकूही येत नाही. आमच्या गल्लीतला पोरगा असाच ओलांडायला गेला. गाडी जोरदार होती म्हणूनच गेला, साधी असती तर मागं थांबला असता. वाचला, पण उजवा पाय अजून नीट वाकत नाही. ताकद हातात असली की माणूस जागा नसताना जागा बघतो. दोष गाडीचा नाही, पण तिला सुरक्षित म्हणू नका.

उद्यमनगर_पाना
दोघांचं वाचलं. मी पंचवीस वर्षं गाड्या खोलतोय, मला वेगळंच सांगायचंय. म्हैस बांधली की पेंड घालावी लागते. लोक टर्बो गाडी घेतात आणि वैरण साध्या गाडीची घालतात.

ऑइल पुस्तकात १५ हजार किलोमीटरला लिहिलंय, ते आपल्या धुळीत आणि घाटात धरू नका. ७-८ हजाराला बदला, आणि पुस्तकात दिलेल्या मान्यतेचंच घाला. घाट चढून आल्या आल्या चावी काढायची नाही. शेवटचे दोन किलोमीटर सावकाश चालवा, मग मिनिटभर गाडी चालू राहू द्या. टर्बोचं बेअरिंग ऑइलवर चालतं, तापलेल्या अवस्थेत बंद केलं की आतलं ऑइल करपतं.

टीएसआयमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यामुळं इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलनं धुतले जात नाहीत, त्यावर काजळी धरते. ६०-७० हजाराच्या पुढं सकाळी गाडी थरथरायला लागली तर आधी प्लग-कॉइल बघा, मग कॅमेरा घालून व्हॉल्व्ह बघा. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबानं मारून ते साफ करतात. नुसती बाटली टाकीत ओतून ते निघत नाही, कारण टाकीतलं पेट्रोल तिथवर पोचतच नाही.

आणि ब्रेक. लोक इंजिनाला रिमॅप करून आणतात (कॉम्प्युटरची सेटिंग बदलून जोर वाढवतात), ब्रेक ऑइल मात्र चार-चार वर्षं तेच. ते हवेतला ओलावा ओढतं आणि उतारावर उकळतं, मग पेडल खाली जातं. दोन वर्षांनी बदलायचंच. जीटीला मागं ड्रम ब्रेक आहेत, डिस्क नाहीत, हे विसरू नका. उतरताना डीएसजी (जीटीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) मॅन्युअलला टाकून दुसऱ्या-तिसऱ्यात ठेवा, सगळा भार ब्रेकवर देऊ नका.

शाहूपुरी_७१
पानेवाल्या काकांचं सगळं मी पाळलं होतं. तरी माझ्या टर्बो हॅचबॅकचा (कंपनीचं नाव घेत नाही) गिअरबॉक्स ८२ हजाराला गेला. दसरा चौकात सिग्नलला उभा होतो, मागं हॉर्न आणि गाडी कुठल्याच गिअरला जाईना. गाडी टो करून नेली, दुरुस्तीचा अंदाज एक लाख साठ हजार. मुलीच्या कॉलेजची फी त्याच महिन्यात होती. गाडी तशीच विकली. आज साधी मॅन्युअल स्विफ्ट चालवतो, कुठल्याही गावात दुरुस्त होते. त्यात आता पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. २०१८ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. रबरी नळ्या आणि सील किती टिकतील, याची काळजी मालकानंच करायची. ज्याच्या घरी एकच गाडी आहे त्यानं या वाटेला जाऊ नये.

इचल_ते_कोल्हापूर
मी रोज इचलकरंजीहून नोकरीला येते. आय२० एन लाइन, १२० पीएस, सहा गिअरची मॅन्युअल. शाहूपुरीकरांचं दुःख खरं आहे, पण ते कोरड्या दुहेरी क्लचचं (दोन क्लच, तेलात न बुडवलेले) ऑटोमॅटिक असावं. डीएसजीतसुद्धा तसेच कोरडे क्लच आहेत. गर्दीत गाडी इंच-इंच सरकवली की ते अर्धवट दाबलेल्या क्लचसारखे घासत तापतात. पुढं जागा होऊ द्यावी, मगच सोडावी, आणि थांबल्यावर ब्रेक पूर्ण दाबावा. हे सगळं नको असेल तर मॅन्युअल घ्या. अल्ट्रोझ रेसर तर आलीच फक्त मॅन्युअलमध्ये. २०२३ नंतरच्या गाड्यांना इथेनॉलचीही धास्ती कमी.

आणि आण्णांना एक सांगा. बाई एकटी गाडी चालवत असली की मागचा मुद्दाम चिकटून दिवे मारतो. अशा वेळी पायाखाली जोर आहे हा दिलासा मला रोज मिळतो.

रंकाळा_कट्टा
कागलकर, ट्रॉलीबद्दलचं माझं म्हणणं मागं घेतो. दिवसा, सरळ रस्त्यावर, समोरचं लांबवर दिसत असेल तरच ते खरं आहे. हंगामात अंधार पडल्यावर मी ओलांडत नाही, हे आधीच लिहायला हवं होतं. रिमॅप मी केलेलं नाही आणि करणार नाही. विम्याला न सांगता केलं आणि अपघात झाला तर दाव्यात अडचण येते, आणि काकांनी सांगितलं तसं मागं ड्रमच आहेत. वेगाची हौस असेल तर आपल्याच कोल्हापुरात मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे, तिथं वळणाला गाडी कशी लावायची ते शिकता येतं. मी तिथंच शिकलो, हायवेवर नाही.

पण गाडी चुकीची घेतली हे मी मानत नाही. पन्हाळ्याचा चढ सकाळी सहाला, काचा खाली, रस्ता मोकळा. त्या अर्ध्या तासासाठी मी आठवडाभर दुकानात उभा राहतो.

कागल_पट्टा
मागं घेतलंस, बरं वाटलं. माझं मत तेच आहे. तू थांबशील, पण ही गाडी तुझ्याकडून सेकंड हॅन्ड जो वीस वर्षांचा पोरगा घेईल तो थांबणार नाही.

शाहूपुरी_७१
एकच विचारतो. गिअरबॉक्सचे पैसे बाजूला ठेवले आहेत का?

रंकाळा_कट्टा
हो. गाडी घेतल्यापासून दरमहा तीन हजार वेगळ्या खात्यात. टायर त्यातूनच घेतले, आज एक लाख दहा हजार शिल्लक आहेत.

शाहूपुरी_७१
पन्नास कमी आहेत. तेवढे होईपर्यंत गर्दीच्या वेळी दसरा चौकातून जाऊ नकोस.