मदत हवी आहे : जपानी मशीन, जर्मन कॅमेरा आणि लहान जॉबचे काळे फोटो

चकतीपाना :
चाकणमधल्या लाइनवर जपानी बनावटीचं असेंब्ली मशीन आहे. जॉबवर (तयार होणाऱ्या भागावर) ओ-रिंग, म्हणजे रबरी सील, बसली की नाही हे बघायला त्यावर जर्मन कॅमेरा लावलाय. ५ मेगापिक्सेल (२४४८ × २०४८), गिगाबिट इथरनेट, आडवं दृश्य ८० मिमी. कन्व्हेअर सेकंदाला ३०० मिमी, एक्स्पोजर १०० मायक्रोसेकंद. लाइट कॅमेऱ्याच्या आउटपुटवरून, स्ट्रोब कंट्रोलरमार्फत (फोटोच्या क्षणापुरता लाइट पेटवणारा). ट्रिगरला (फोटो काढायच्या इशाऱ्याला) मशीनवरचाच थ्रू-बीम फोटोसेन्सर घेतला, जॉबने किरण अडवला की ऑन होणारा. तो ४५ मिमी अलीकडे आहे, म्हणून ट्रिगर डिले १५० मिलिसेकंद.

आधी सेन्सरची काळी (आउटपुट) वायर कॅमेऱ्याच्या इनपुटला आणि कॉमन पिन ० व्होल्टला दिली. ट्रिगर येईना. मग इनपुट पिन २४ व्होल्टला आणि काळी वायर कॉमनला. ट्रिगर आला, पण ७० मिमीच्या जॉबचे फोटो स्वच्छ आणि ३० मिमीच्या जॉबचे काळेकुट्ट. एक्स्पोजर दुप्पट केलं तरी काळेच. कॅमेरा बदलावा का?

पॅनेलकर :
कॅमेऱ्याला हात लावू नका. सेन्सर एनपीएन आहे आणि कॅमेरा पीएनपी (ऑन झाला की स्वतः २४ व्होल्ट देणारा सेन्सर) गृहीत धरून बनवलाय, एवढाच घोळ आहे.

एनपीएन सेन्सर ऑन झाला की काळी वायर ० व्होल्टला ओढतो, स्वतः २४ व्होल्ट देत नाही. त्यामुळे पहिल्या जोडणीत इनपुटच्या ऑप्टोकपलरला (प्रकाशाने सिग्नल पुढे देणारा भाग) करंटच मिळाला नाही. दुसऱ्या जोडणीत मिळाला. पण तुमच्या कॅमेऱ्यात बहुधा इनपुट आणि आउटपुटला एकच कॉमन पिन आहे. म्हणजे स्ट्रोबच्या सिग्नलची परतीची वाटही तुम्ही सेन्सरच्या काळ्या वायरवर टांगलीत.

आता हिशोब करा. ३० मिमीचा जॉब सेन्सरसमोर १०० मिलिसेकंद राहतो. फोटो निघतो १५० ला, तेव्हा सेन्सर ऑफ, कॉमन लटकलेला, लाइट पेटत नाही. ७० मिमीचा जॉब २३३ मिलिसेकंद सेन्सर ऑन ठेवतो, म्हणून तो फोटो उजळ. लाइटच नाही तर एक्स्पोजर वाढवून काय होणार?

चकतीपाना :
पिनआउट (पिनांचा तक्ता) पाहिलं, कॉमन एकच आहे. जर्मन कॅमेऱ्यात एनपीएन-पीएनपी दोन्हीची सोय का ठेवत नाहीत?

पॅनेलकर :
सवयीचा भाग मोठा. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन होलपेक्षा (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागेपेक्षा) चपळ, त्यामुळे एनपीएन ट्रान्झिस्टर स्वस्त आणि वेगवान पडायचे. जपानी कंट्रोल पॅनेल त्याच वळणाने वाढले. युरोपात भर अर्थ फॉल्टवर. वायर घासून मशीनच्या अंगाला लागली तर मशीन आपोआप चालू होता कामा नये, हे आयईसी ६०२०४-१ या मशीनच्या विद्युत सुरक्षेच्या मानकात स्पष्ट आहे. तिथे ० व्होल्ट अर्थला बांधतात. पीएनपीची वायर अंगाला टेकली तर सिग्नल जातो किंवा फ्यूज उडतो. एनपीएनची टेकली तर सेन्सर ऑन झाल्यासारखं दिसतं. समोरून करंट येईल हे धरून चालणाऱ्या डिझायनरने कॉमन एकत्र करून एक पिन वाचवली, तर त्याच्या गावात ते अडत नाही.

जपानी व्हिजन संच बहुतेकदा कॅमेरा, लाइट, कंट्रोलर एकाच घरचा असतो, म्हणून हा प्रश्न विकणाराच आधी मिटवतो. जर्मन पद्धतीत कॅमेरा एकाचा, लेन्स दुसऱ्याची, सॉफ्टवेअर तिसऱ्याचं. सुटे भाग बदलायची मोकळीक मिळते, पण सांधे जुळवणं आपल्या गळ्यात.

उपाय : कॉमन पिन ० व्होल्टला पक्की करा. काळी वायर इनपुटला, आणि इनपुट ते २४ व्होल्ट १ किलोओहम, २ वॉटचा पुल-अप (इनपुटला २४ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर). सेन्सर ऑन असताना त्यात २४ मिलिअँपिअर वाहतात, ०.५८ वॉट उष्णता होते. पाव वॉटचा लावलात तर करपेल. सेन्सर ऑफ असताना इनपुटने ५ मिलिअँपिअर घेतले तरी तिथे १९ व्होल्ट उरतात. सिग्नल उलटा झाला, म्हणून ट्रिगर ॲक्टिव्हेशन फॉलिंग एज (व्होल्टेज खाली पडताना) करा.

भिंगरी :
एक भर. ऑन असताना फोटोसेन्सरच्या आउटपुटवर १-२ व्होल्ट उरू शकतात आणि काही कॅमेऱ्यांचा ऑफ उंबरठा (ज्याखाली इनपुट ऑफ धरतात) १.४ व्होल्टच असतो. मीटरने मोजा. जवळ जात असेल तर २.२ किलोओहम लावा, सेन्सरवरचा भार ११ मिलिअँपिअरवर येतो. मग इनपुटला साधारण १३ व्होल्ट मिळतात. बऱ्याच कॅमेऱ्यांना पुरतात, तरी डेटाशीट बघा.

ऑप्टोकपलर बंद व्हायला थोडा जास्त वेळ घेतो. ५० मायक्रोसेकंद धरले तरी १५ मायक्रॉन, आणि तुमचा एक पिक्सेल ३३ मायक्रॉनचा. सोडून द्या.

मधे साधा रिले मात्र घालू नका. त्याच्या वेळेत १ मिलिसेकंदाचा चढउतार म्हणजे ०.३ मिमी, नऊ पिक्सेल. ट्रिगर पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) स्कॅनमधून फिरवला तरी तेच दुखणं. डिन रेलवरचं ऑप्टोकपलर मॉड्यूल चालेल.

चकतीपाना :
सरळ पीएनपी सेन्सर बसवला तर?

पॅनेलकर :
तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात स्वच्छ. पण त्या लाइनच्या स्टोअरमध्ये एनपीएनच असणार. रात्री अडीचला सेन्सर गेला की मेंटेनन्सवाला हाताला लागेल तो बसवतो आणि तपासणी गुपचूप बंद पडते. पीएनपी लावलात तर दोन सुटे स्टोअरला द्या आणि ब्रॅकेटवर लेबल मारा. कुठल्याही जोडणीत वायर तुटली तर ट्रिगर येत नाही, म्हणून पीएलसीत जॉबची गणती आणि फोटोंची गणती जुळवा, फरक पडला की लाइन थांबवा. ही गणती दुसऱ्या सेन्सरवरून घ्या, नाहीतर दोन्ही एकदम आंधळे.

भिंगरी :
मशीन जुनं असेल तर वायरचे रंगही बघा. आताच्या सेन्सरला तपकिरी प्लस, निळी ० व्होल्ट, काळी आउटपुट. जुन्या जपानी सेन्सरला लाल प्लस, काळी ० व्होल्ट आणि पांढरी आउटपुट. तिथे काळीला आउटपुट समजून पुल-अप लावलात तर तो नुसता गरम होत बसेल.

चकतीपाना :
१ किलोओहम लावला. जॉब नसताना इनपुटला १९.६ व्होल्ट, असताना ०.९. दोन्ही मापांच्या जॉबचे फोटो उजळ येताहेत. क्वचित एका जॉबला दोन फोटो निघतात.

भिंगरी :
जॉबला आरपार भोक असेल तर किरण मधेच सुटतो. भोक किती मिमी?

चकतीपाना :
४ मिमी.

भिंगरी :
म्हणजे १३ मिलिसेकंदांची फट. कॅमेऱ्यातला लाइन डिबाउन्सर (ठरलेल्या वेळेपेक्षा छोटे सिग्नल सोडून देणारं सेटिंग) २० मिलिसेकंद ठेवा. तो ट्रिगरही तेवढाच उशिरा देतो, म्हणून डिले १५० वरून १३० करा.