प्लेऑफचा अंदाज: विजय मोजायचे की गुणफरक?

आकडेमोड:
एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, कोण जिंकणार हे ठरवताना बहुतेक जण विजय-पराभव बघतात. मी म्हणतो, मोसमभराचा गुणफरक बघा, म्हणजे केलेले गुण वजा दिलेले गुण. 2022 चा व्हायकिंग्ज संघ 13-4 होता (13 विजय, 4 पराभव), पण केलेले गुण 424 आणि दिलेले 427! आठ किंवा कमी गुणांनी सुटलेले अकराच्या अकरा सामने त्यांनी जिंकले होते. असं नेहमी घडत नसतं. पहिल्याच फेरीत, स्वतःच्या मैदानावर, जायंट्सनी त्यांना 31-24 ने घरी बसवलं. 2024 चे चीफ्स 15-2, गुणफरक फक्त 59. ईगल्स 14-3, गुणफरक 160. दोघांमधला सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, ईगल्सनी 40-22 असा जिंकला.

जर्सीकर:
अजिबात पटलं नाही. 2011 चे आमचे जायंट्स आठवा. 9-7, केलेले गुण 394, दिलेले 400. त्याच जायंट्सनी 15-1 अशा पॅकर्सना त्यांच्याच लॅम्बो फील्डवर जाऊन 37-20 ने लोळवलं आणि पुढे सुपर बोलही नेला. आमचा बचावपटू ओसी उमेन्योरा दुखापतींमुळे 16 पैकी 7 सामने बाहेर होता, तो शेवटच्या साखळी सामन्याला परतला. जानेवारीत उतरलेला संघ ऑक्टोबरचा नव्हताच. तुमची बेरीज दोघांना एकच समजते.

जांभळी जर्सी:
जर्सीकरांशी सहमत. 2019 चे आमचे रेव्हन्स: 14-2, गुणफरक 249, लीगमध्ये अव्वल. प्लेऑफमध्ये टायटन्सच्या डेरिक हेन्रीने 195 यार्ड पळून सामना हिसकावला, 28-12. चौथ्या डाऊनवर, म्हणजे दहा यार्ड पुढे सरकण्याच्या शेवटच्या संधीला, आम्ही चारदा प्रयत्न केला, चारही फसले. तो सामना अजून बघवत नाही.

आकडेमोड:
समजू शकतो. पण तीन टर्नओव्हर देऊन, म्हणजे तीनदा चेंडू गमावून, बाद फेरीत कोण वाचतं? इथे सात सामन्यांची मालिका नसते. 70 टक्के संधी म्हणजे दहात तीन पराभव धरलेलेच.

जर्सीकर:
मग तुमचं चुकतं तरी कधी? जिंकले तर आकडे खरे, हरले तर नशीब!

आकडेमोड:
चुकू शकतं, आणि तपासताही येतं. 2020 पासून प्लेऑफमध्ये 14 संघ, म्हणजे दरवर्षी 13 सामने. टक्केवारी आधी लिहून ठेवा. काही वर्षांत 70 टक्केवाले निम्मेच जिंकले, तर पद्धत खुशाल टाकून द्या. आणि दुखापतीचंच म्हणाल तर 2017 बघा. ईगल्सचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) कार्सन वेंट्झ डिसेंबरमध्ये जायबंदी झाला. अव्वल मानांकन, घरचं मैदान, तरी सट्टेबाजांची पसंती फाल्कन्सना! ईगल्स 15-10 ने जिंकले, पुढे सुपर बोलही 41-33. त्यांचा 162 चा गुणफरक एकट्या वेंट्झचा नव्हता.

जर्सीकर:
अहो, त्याच सुपर बोलमध्ये बदली क्वार्टरबॅक निक फोल्सने 373 यार्ड फेकले आणि सामनावीर ठरला. साखळीत तो सुरुवातीपासून खेळला फक्त 3 सामने. म्हणजे ज्याने कप मिळवून दिला, त्याचा तुमच्या 162 मध्ये वाटा किती? मी गुणफरक घेईन, पण शेवटच्या पाच-सहा सामन्यांचा, आणि त्या रविवारी मैदानात कोण उतरणार ते बघूनच.

आकडेमोड:
पाच-सहा सामन्यांत एखादा सुटलेला चेंडूही सगळा हिशेब फिरवतो. मी सतराच्या सतरा सामने धरणार.