आखाजीनंतर चार दिवस घर बंद राहणार आहे : कुत्रा आणि झाडे यांची सोय कशी करावी?

प्रश्न : गृहिणी, अमळनेर तालुका

नमस्कार. आमचे घर गावाच्या कडेला असून अंगणात जुना कडुनिंब आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन्ही नणंदा मुलाबाळांसह माहेरी येतात, त्यामुळे सण संपेपर्यंत घरात चौदा माणसे असतात. यंदा सणानंतर सर्वांनी मिळून चार दिवस तोरणमाळला जाण्याचे ठरले आहे. सासूबाईही येणार असल्याने घराला प्रथमच कुलूप लागेल.

पहिली अडचण आमच्या भुऱ्याची आहे. तो सहा वर्षांचा गावठी कुत्रा आहे आणि निंबाखाली स्वतः उकरलेल्या ओलसर खड्ड्यात तो सारा उन्हाळा काढतो. परंतु आखाजीचा झोका त्याच फांदीला बांधला जातो. गेल्या वर्षी मुलांना त्रास नको म्हणून त्याला मागच्या पत्र्याच्या छपराखाली बांधले होते. दुपारी पाहिले तर त्याच्या तोंडातून चिकट लाळ गळत होती आणि तो पाण्यालाही तोंड लावत नव्हता. अंगावर पाणी ओतल्यावर तो सावरला, पण ती दुपार मी विसरलेले नाही. शिवाय, त्याला रोज भाकर घालणाऱ्या सालदाराचे (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे) साल आखाजीला संपते. त्याच दिवशी रुजू होणाऱ्या नव्या माणसाला भुऱ्या ओळखतही नाही.

दुसरी अडचण झाडांची आहे. कागदी लिंबाची दोन झाडे, कढीपत्ता आणि मोगरा जमिनीत आहेत, तर तुळशीसह वीस-बावीस कुंड्या गच्चीवर आहेत. पाणी बोअरचे आणि जड आहे. पारा ४४ अंशांच्या आसपास असताना चार दिवस कसे निभावतील?

उत्तर १ : पशुवैद्यक, धुळे

ताई, गेल्या वर्षी तुम्ही पाहिलेली लक्षणे उष्माघाताच्या सुरुवातीची होती. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो, आणि तापलेल्या पत्र्याखाली भोवतालची हवाच इतकी गरम असते की धापांचाही उपयोग उरत नाही. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या पुढे गेले तर जिवाला धोका असतो. असे पुन्हा झाल्यास त्याला सावलीत आणून पोट, जांघा आणि पंजे यांवर साधे पाणी ओतावे व पंख्याचा वारा द्यावा. बर्फाचे पाणी ओतू नये आणि तोंडात बळजबरीने पाणी घालू नये. तो उठून बसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण आतील अवयवांना झालेली इजा कधी कधी दुसऱ्या दिवशी उघड होते.

निंबाचा तंटा वेळ वाटून मिटू शकेल असे मला वाटते. मुली झोक्यावर बसतात त्या सकाळी आणि ऊन उतरल्यावर. अकरा ते पाच निंबाखाली तशीही कोणी जात नाही. तेवढा वेळ झोका वर गुंडाळून ठेवावा आणि जागा भुऱ्याला द्यावी. झोक्याच्या वेळी त्याला घरातल्या गार खोलीत ठेवावे. तो खात किंवा झोपला असताना लहान मुलांनी जवळ जाऊ नये, हे पाहुण्यांना पहिल्याच दिवशी सांगावे. रेबीजची लस वेळेवर दिलेली आहे ना, तेही तपासून घ्यावे.

सणाच्या ताटातले त्याला काही घालू नका. रशीत (झणझणीत रस्स्यात) कांदा-लसूण असतो आणि पुरणात जायफळ असते. दोन्ही कुत्र्याला बाधतात. त्याहून मोठी भीती आंब्याच्या कोयीची आहे. चौदा माणसांचा आमरस म्हणजे पाटीभर कोयी, आणि कुत्र्याने एक जरी गिळली तरी ती आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. त्या झाकणाच्या डब्यात टाकाव्यात.

झाडे व्यवस्थेवर चार दिवस काढतील, कुत्र्याला मात्र माणूसच लागतो. म्हणून नव्या सालदाराला आखाजीची वाट न पाहता आतापासून रोज तासभर बोलवा. पहिले दोन दिवस भाकर तुम्हीच घाला आणि त्याने फक्त शेजारी बसावे. मग तुमच्यासमोर त्याने घालावी. जुना सालदार अजून कामावर आहे, तर दोघांनी मिळून भुऱ्याला संध्याकाळी शेतावर फिरवून आणावे. ओळखीच्या माणसाबरोबर आलेला माणूस कुत्रा लवकर स्वीकारतो.

उत्तर २ : परसबाग सांभाळणारा, चोपडा

जमिनीतल्या झाडांची चिंता सोडा, वहिनी. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी लिंबाची आळी दोनदा भरून पाणी पूर्ण मुरू द्यावे आणि वर चार बोटे जाड पाचट, वाळलेली केळीची पाने किंवा भुईमुगाची टरफले पसरावीत. मोठे झाड तेवढ्यावर चार दिवस सहज राहते. आच्छादन खोडाला मात्र चिकटू देऊ नये.

खरा प्रश्न कुंड्यांचा आहे. गच्चीची फरशी रात्रीसुद्धा तापलेली असते आणि मुळे खालून भाजतात. सर्व कुंड्या खाली आणून घराच्या उत्तरेच्या भिंतीशी एकमेकींना खेटून ठेवाव्यात. तुळस आणि लहान कुंड्यांसाठी मध्ये एक बादली विटांवर उंच ठेवून तिच्यातून जाड सुती वाती प्रत्येक कुंडीच्या मातीत खोचाव्यात. ही रचना निघण्याच्या दोन दिवस आधी करून पाहावी, म्हणजे कोणती वात पाणी ओढत नाही ते कळते. या दिवसांत खत देणे, छाटणी करणे किंवा कुंडी बदलणे टाळावे.

मोगऱ्याशेजारी गेल्या आखाजीला पूजलेली मातीची घागर गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवली, तर ती झिरपून मुळांना ओल देत राहील.

उत्तर ३ : निवृत्त शिक्षक, पारोळा

वरील सल्ल्यात एक दुरुस्ती सुचवतो. बोअरच्या जड पाण्याने वर्षभरात घागरीची छिद्रे क्षारांनी बुजतात. ज्या घागरीत पाणी गार होईनासे झाले, ती झिरपत नाही म्हणूनच गार करत नाही. मग ती जमिनीत तरी काय झिरपणार? कुंभाराकडून रंग न दिलेले लहान मडके आणावे आणि ते पुरून तोंडावर झाकण ठेवावे, नाहीतर डासांची पैदास होते. त्याच कारणाने निघताना कूलरची टाकीही रिकामी करावी. यंदाच्या घागरीला अर्थातच कोणी हात लावू नये. ती पूजेची, आणि सणानंतर पिण्याच्या पाण्याची.

झोक्याचे सांगायचे तर दोर आणि फांदी यांमध्ये गोणपाटाची घडी घालावी, म्हणजे साल सोलली जात नाही. आमच्या घरी हे न केल्याने एक चांगली फांदी दोन वर्षांत वाळली.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद, सहा दिवसांनी

सर्वांचे मनापासून आभार. कुंड्या खाली उतरवल्या आहेत. वातींपैकी तीन पाणी ओढत नव्हत्या. त्या पातळ असल्याचे आढळले, म्हणून जुन्या धोतराच्या जाड वाती वळल्या. दोन मडकी आणून पुरली आहेत. कोयींचा डबा माझ्या धाकट्या मुलाने स्वतःच्या ताब्यात घेतला असून त्यावर खडूने नाव लिहिले आहे.

नवा सालदार रोज संध्याकाळी येतो. तीन दिवस भुऱ्या त्याच्याकडे पाठ करून बसला. काल प्रथमच त्याने त्याच्या हातची भाकर खाल्ली, पण मी ओट्यावर उभी होते आणि प्रत्येक घासाला तो माझ्याकडे पाहत होता. आज मी दार लोटून आत जाणार आहे आणि खिडकीच्या फटीतून पाहणार आहे.