घरीच ट्रॉलीची चासी (खालचा सांगाडा) करतोय, जाणकारांनी मदत करा

रामराम मंडळी. मी वसमत भागातला. मिनी ट्रॅक्टरला लावायला एक टनाची दोन चाकी ट्रॉली घरच्या शेडमध्येच बनवायला घेतली आहे. हळदीची पोती, शेणखत, कधी कडबा, एवढंच काम. साटा (माल भरायचा भाग) आठ फूट बाय साडेचार फूट.

दोन्ही लांब बाजूंना 75 बाय 40 मिमीचा सी चॅनल (सी आकाराची लोखंडी तुळई) घ्यायचा विचार आहे. मीटरला साधारण सात किलो भरतो. आडव्या पट्ट्यांना 50 मिमीचा अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी). गावातले मिस्त्री म्हणतात, 100 चाच चॅनल टाका. पण मग रिकामी ट्रॉलीच जड होते आणि छोट्या ट्रॅक्टरला चढावर ते ओझं नको वाटतं. आमच्या पांदण रस्त्याचे खड्डे बघता 75 चा टिकेल का?

खरी काळजी धुऱ्याच्या (चाकांच्या आसाच्या) जागेची आहे. तो बरोबर मध्ये घेतला आणि माल मागे जास्त भरला तर हूक वर उचलला जाणार, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी पडणार. म्हणून धुरा मध्यापासून थोडा मागे घेऊन दहा-पंधरा टक्के वजन हुकावर ठेवावं असं वाटतं. आठ फुटाला तो किती इंच मागे घेता?

वेल्डिंगला सिंगल फेजचं इन्व्हर्टर मशीन आहे. आधी नुसते टाके मारून, दोन्ही कर्ण मोजून, मगच आलटून पालटून समोरासमोरचे कोपरे भरणार. हुकाच्या जोडाला 6013 नंबरचा साधा वेल्डिंग रॉड चालेल की जास्त मजबूत जोड देणारा 7018 च वापरू? तिथला जोड रस्त्यात तुटला तर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतेल, म्हणून तिथे पैसे वाचवायचे नाहीत. कुणी स्वतः बनवली असेल तर हूक बसतो त्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्याचा जवळून काढलेला फोटो टाका.